आबा उत्तर देत नाहीत

ड्रॉवरमधला फोन पुन्हा थरथरला. ड्रॉवर लोखंडी, आत शिक्क्यांचा डबा आणि त्यावर फोन. आवाज बंद केलेला असला तरी सगळं टेबल गुरगुरल्यासारखं व्हायचं. काउंटरपलीकडचा म्हातारा म्हणाला, "बाई, तुमचा फोन येतोय."

"येऊ द्या," मी म्हणाले आणि त्याच्या रजिस्टरच्या पाकिटावर शिक्का मारला.

शेजारच्या काउंटरवरून कांबळेंनी मान वर केली. "कितवा?"

"सातवा."

"काल या वेळेला?"

"काल या वेळेला पंधरा झाले होते."

"मग लागू पडतंय की औषध!" ते हसले. मीही हसले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजून गेले होते. एप्रिल महिना, इचलकरंजीचा उन्हाळा, पोस्टात रांगा आणि डोक्यावर वारा कमी नि आवाज जास्त करणारा पंखा. मला तेव्हा खरोखर बरं वाटत होतं. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली, पण ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

फोन माझ्या मुलीचा होता. कस्तुरीचा.

कस्तुरी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती ऑटिस्टिक आहे हे आम्हाला चौथ्या वर्षीच कळलं होतं आणि एव्हाना ते आमच्या अंगवळणीही पडलं होतं. तिला ताटातले पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत, गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट सहन होत नाही, अनोळखी माणसाशी ती बोलत नाही, आणि एकदा पाहिलेली वेळ किंवा तारीख ती विसरत नाही. त्याचा त्रास नव्हता. त्रास होता भीतीचा. सातव्या वर्षापासून तिच्या मनात बसलं की आई बाहेर गेली म्हणजे परत येणार नाही. "आई परत येईल ना?" हा एकच प्रश्न दिवसभर चालायचा. मी घरात असले तर मला, नसले तर आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. आबा प्रत्येक वेळी म्हणायचे, "येईल गं बाळा, येईल." पाच मिनिटांनी परत तोच प्रश्न. मग माझ्या फोनवर तोच प्रश्न. मी चार वर्षं न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आंघोळ केली. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाला गेले नाही. अर्धा दिवस काम करून रजा टाकून घरी पळत यायची.

मिरजेच्या चौगुले मॅडमकडे आम्हाला कुणीतरी पाठवलं. मला वाटलं, त्या कस्तुरीला समोर बसवतील आणि काहीतरी शिकवतील. त्यांनी तिला खेळायला दुसऱ्या खोलीत पाठवलं आणि आम्हा तिघांनाच समोर बसवलं. मी, माझे मिस्टर चंद्रशेखर आणि आबा.

"ऑटिझम हा तिचा स्वभाव आहे," मॅडम म्हणाल्या. "तो बदलायचा नाही. कानाला हेडफोन लागतात, लागू देत. ताटं वेगळी लागतात, द्या. पण भीती वेगळी. त्या भीतीला खुराक तुमच्याकडून मिळतोय. कस्तुरी विचारते, तुम्ही उत्तर देता, पाच मिनिटं बरं वाटतं. मग भीती आणखी मागते. तिला बदलायच्या आधी तुम्हा तिघांना बदलायचंय."

"म्हणजे लेकराला उत्तरच द्यायचं न्हाई?" आबा खुर्चीत पुढे सरकले. "दारातल्या कुत्र्यालासुद्धा आपण हाड तरी म्हणतो."

"एकदा द्यायचं, आबा. एकदाच. प्रेमानं. तिला आधी सांगून."

त्याप्रमाणे आम्ही चौघं रविवारी बसलो. मॅडमनी लिहून दिलेलं मी कस्तुरीला वाचून दाखवलं. आम्हाला कळतं की तुला भीती वाटते. आम्हाला खात्री आहे की तू ती सोसू शकशील. म्हणून सोमवारपासून मी कामावर असताना पहिला फोन उचलेन, नंतरचे उचलणार नाही, आणि एक वाजता स्वतः फोन करीन. आबा आणि बाबासुद्धा 'आई परत येईल ना' याला दिवसातून एकदाच उत्तर देतील. खरंच काही गरज पडली तर आबा फोन करतील.

कस्तुरी भिंतीकडे बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "किती वाजता एकदाच?"

सोमवारी एक्केचाळीस फोन आले. मंगळवारी तेहेतीस. बुधवारी सव्वीस. आबा सगळ्यात पक्के निघाले. बुधवारी संध्याकाळी मला म्हणाले, "दिवसभर तोंड दाबून बसलो बघ. पण 'ठरलंय ना' एवढंच म्हटलं. दुसरं अक्षर न्हाई काढलं." त्यांचे डोळे पाणावलेले होते.

आणि हा गुरुवार.

पहिला फोन अकरा वाजून पाच मिनिटांनी आला होता. समोर रांग होती, तरी मी उचलला, कारण तो उचलायचा होता.

"आई," कस्तुरी म्हणाली, "आबा उत्तर देत नाहीत."

मी म्हणाले, "नाहीच देणार, बाळा. ठरलंय ना आपलं? तुला भीती वाटतेय, कळतं मला. तू सोसशील. एक वाजता मी फोन करते."

"आबा उत्तर देत नाहीत," ती परत म्हणाली. त्याच सुरात. तिचा सूर तसाच असतो, ताप आला तरी आणि आईस्क्रीम मिळालं तरी.

मी फोन ठेवला.

त्यानंतर टेबल गुरगुरत राहिलं. आठ, नऊ, दहा. साडेअकराला एका बाईंचं पार्सल तराजूवर ठेवताना तेरावा. मध्येच एक क्षण माझा हात ड्रॉवरच्या कडीवर गेला होता. कांबळे तिकडून म्हणाले, "ओ मॅडम, हरायचं नाही!" मी हात मागे घेतला. एकोणिसावा बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना आला.

मग थांबलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली, ड्रॉवर गप्प. मी कांबळेंना म्हणाले, "थांबले बघा." त्यांनी चहा मागवला. मी चहा घेतला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा गरम चहा शेवटपर्यंत प्यायले. घरी आत्ता काय चाललं असेल ते डोळ्यांपुढे आणत होते. कस्तुरी तिच्या नकाशांच्या पुस्तकात बोट फिरवत बसली असेल. आबा खुर्चीत डुलकी काढत असतील.

खिडकीतून पलीकडचं फारसं दिसत नाही. काचेतलं भोक, त्यातून येणारे हात, पाकिटं, आधारकार्डं. माझी मान खाली होती. हात येत होते, जात होते. मग भोकासमोर हातच आला नाही. मी "पुढे या" म्हणाले. तरी नाही. मान वर केली तर काचेपलीकडे कस्तुरी उभी होती.

दोन्ही कानांत बोटं. केस घामानं कपाळाला चिकटलेले. ती आयुष्यात कधी एकटी जिना उतरली नव्हती. आमच्या घरापासून पोस्ट दीड किलोमीटर, आणि त्यात सगळी मागांची गल्ली, जिथून मी तिला हेडफोन लावून, रिक्षात माझ्या मांडीवर डोकं दाबून धरून आणायची.

"आबा उत्तर देत नाहीत," ती म्हणाली.

तिच्या मागचा माणूस मला म्हणाला, "तुमची आहे का? वीस मिनिटं झाली, रांगेत उभी आहे. मी पुढं जा म्हटलं तर बोललीच नाही."

"कस्तू, आबा कुठेत?"

"खुर्चीत. वाकडे."

माझी खुर्ची मागे कोसळली ते मला आवाजानं कळलं. कांबळे उठून काय काय विचारत होते. मी त्यांना एवढंच सांगितलं की ह्यांना कळवा, शेडवर फोन ऐकू येत नाही, तिथं माणूस पाठवा. माझे मिस्टर मागांच्या शेडवर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करायचे. तिथं शेजारी उभ्या माणसाचं ऐकायला ओठ बघावे लागतात. कस्तुरीनं त्यांनाही सहा वेळा फोन केला होता हे मला नंतर कळलं.

रिक्षात मी तिचे खांदे धरले. "वीस मिनिटं तू रांगेत उभी राहिलीस? हाक का नाही मारलीस मला?"

ती बाहेर बघत होती. "फोनवर तू उत्तर देणार नव्हतीस. रांगेतल्या सगळ्यांना देतेस."

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडात कोंबला. तेव्हाच मला तिचे पाय दिसले. अनवाणी. तिच्या सँडलचे बंद मीच लावायची, तिला जमत नसे; म्हणून ती तशीच निघाली होती. एप्रिलच्या डांबरावरून. तळव्यांना फोड आले होते आणि एक फुटला होता. 

आबा खुर्चीत उजव्या बाजूला झुकलेले होते. उजवा हात खाली लोंबत होता. चहाचा कप फरशीवर फुटलेला, चहा वाळून गेलेला, त्याला मुंग्या लागलेल्या. डोळे उघडे होते. त्यांनी मला बघितलं. तोंडाची एकच बाजू हलली आणि आतून आवाज आला, शब्द नाही. त्यांच्या गुडघ्यांवर कस्तुरीची चादर घातलेली होती. तिची स्वतःची, जिला ती कुणाला हात लावू देत नसे.

खालचे दोघं-तिघं धावून आले. आबांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं.

दवाखान्यात आधी डोक्याचा स्कॅन काढला. तो होईपर्यंत चंद्रशेखर पोचले, अंगाला सुताचा कापूस चिकटलेला. दोन वाजत आले होते. एक तरुण डॉक्टर बाहेर आले, हातात कागद. फार भरभर बोलत होते.

"मेंदूत गुठळी आहे, रक्तस्राव नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशीर झाला असेल तर त्यानंच रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. मला वेळ सांगा. हे शेवटचे नीट बोलत होते ते किती वाजता?"

चंद्रशेखर माझ्याकडे वळले. "मी सहाला बाहेर पडलो. शैला, तू?"

"मी साडेनऊला निघाले," मी म्हणाले. "तेव्हा बरे होते."

"म्हणजे साडेनऊनंतर कधीही," डॉक्टर म्हणाले. "मग मला साडेनऊच धरावे लागतील. दोन वाजलेत. वेळ संपली. त्यानंतर कुणाशी बोलले? फोन वगैरे?"

मला माहीत होतं. अकरा पाच. 'अकरा वाजून पाच मिनिटांनी मला फोन आला होता' एवढंच म्हणायचं होतं. मी चंद्रशेखरच्या कॉलरवरचा कापूस बघत राहिले. अकरा पाच म्हटलं की पुढचा प्रश्न काय येणार, ते मला दिसत होतं. फोनवर काय म्हणाली? मग तू काय केलंस? मी गप्प राहिले. किती वेळ, पाच सेकंद असतील, दहा असतील. डॉक्टरांनी कागद मिटला.

"दहा बावन्न," कस्तुरी म्हणाली.

ती बाकावर पाय वर घेऊन बसली होती. डॉक्टरांकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती. पण बोलत होती त्यांच्याशी. एका परक्या माणसाशी.

"काय म्हणालीस, बाळ?"

"दहा बावन्नला मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, ठरलंय ना. दहा अठ्ठावन्नला विचारलं. आबा बोलले नाहीत. चहा तोंडातून बाहेर आला. कप पडला. अकरा पाचला आईला फोन केला. आईला सांगितलं, आबा उत्तर देत नाहीत. आई म्हणाली, नाहीच देणार."

डॉक्टर मला म्हणाले, "ही नक्की सांगतेय का? लहान आहे. मी यावर इंजेक्शन देणार आहे. तुम्हाला फोन आला होता?"

"हो," मी म्हणाले. "अकरा पाचला. तिनं हेच सांगितलं होतं. तिची वेळ चुकत नाही."

डॉक्टर आत पळाले. चंद्रशेखर तिथून बाजूला झाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी चौगुले मॅडम आल्या. मीच कळवलं होतं. आबा आत होते, रात्र काढतात का बघू, असं आम्हाला सांगितलं होतं. मॅडम जिन्यातून वर येताना दिसल्या आणि चंद्रशेखर एकदम उठले.

"आलात? बघा आत जाऊन. पोरगी फोन करतेय, आई उचलत नाही. का? तर बाईंनी सांगितलंय! एकोणीस फोन, मॅडम! माझा बाप दोन तास त्या खुर्चीत लोंबकळत होता. ही कसली थेरपी तुमची?"

मॅडम खाली मान घालून उभ्या होत्या. "आबांना काही झालं तर फोन कोण करील, हा प्रश्न मला सुचायला हवा होता," त्या हळू म्हणाल्या. "तेवढी चूक माझी आहे."

तेवढीच. त्या पुढे बोलल्या नाहीत. त्या बोलू शकत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे खाली घातले आणि मला समजलं की त्या मला वाचवताहेत. मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं, जन्मभर. घरात सगळे म्हणाले असते, त्या मिरजेच्या बाईनं घात केला.

"त्यांची चूक नाही," मी म्हणाले.

"तू थांब," चंद्रशेखर म्हणाले.

"नाही. त्यांनी मला एकटीला बोलावून सांगितलं होतं. निघताना, दारात. की भीतीची वाक्यं ठरलेली असतात, तुम्हाला पाठ आहेत. ती आली तर बसून राहा. पण पाठ नसलेलं वाक्य आलं, तर ती भीती नाही, बातमी आहे. सगळं टाकून उठायचं." मी चंद्रशेखरकडे वळले. "चार वर्षांत कस्तुरीनं मला फोनवर 'परत येशील ना' याशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं. आज तिनं तो प्रश्न विचारलाच नाही. 'आबा उत्तर देत नाहीत' म्हणाली. दोनदा म्हणाली. मला कळलं होतं की हे वेगळं आहे."

"मग?"

"मला उठायचं नव्हतं. चार दिवस मी माणसासारखी काम करत होते. मी म्हटलं, आज उठले तर सगळं परत पहिल्यापासून. मी ते वाक्य माझ्या सोयीनं ऐकलं. आणि दुपारी डॉक्टरांनी वेळ विचारली तेव्हाही मला माहीत होती. तुमच्या भीतीनं बोलले नाही. ती बोलली नसती, तर मी बोलले असते की नाही, मला सांगता येत नाही."

मॅडमनी माझ्या दंडावर हात ठेवला.  चंद्रशेखर मागे वळून बाकाजवळ गेले, कस्तुरीपाशी, आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. तिचा पाय हातात घेतला. दिवसभरात कुणी त्यांना पायांबद्दल सांगितलंच नव्हतं. त्यांनी तळवा बघितला आणि भर दवाखान्यात तो माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. कस्तुरीनं कानांत बोटं घातली.

आबा त्या रात्रीतून वाचले. पाय आठवड्यात हलला, हाताला महिने लागले, वाचा मात्र गेली. चंद्रशेखर माझ्याशी दिवाळीपर्यंत कामापुरतंच बोलले. ते मला टाकून बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. मॅडमकडे आम्ही पावसाळ्यानंतर परत जायला लागलो. तो निर्णय चंद्रशेखरचा होता. त्या दिवशी कस्तुरीला मागांच्या गल्लीतून एकटीनं चालत जाता आलं, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं. या वेळी मॅडमनी सगळी कलमं कस्तुरीला विचारून लिहिली, आणि खाली चौघांच्या सह्या घेतल्या. आबांनी डाव्या हातानं केली.

आबांच्या वाचेसाठी एक मुलगी घरी यायची. ती म्हणाली, यांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत राहायला हवी, दिवसातून पन्नास वेळा, शंभर वेळा, न कंटाळता. घरात तेवढा धीर कुणाकडे आहे?

आम्ही तिघांनीही एकीकडेच बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून कस्तुरी आबांच्या पलंगासमोर स्टूल घेऊन बसू लागली. हातात पाण्याचा तांब्या. "आबा, हे काय?" आबा तोंड वाकडं करून आवाज काढायचे. "आबा, हे काय?" जेवायच्या आधी, जेवल्यावर, मी कामावर निघताना, परत आल्यावर. तोच सूर. आबा कधी डोळे मिटून घ्यायचे, कधी डाव्या हातानं तिला झटकायचे. ती स्टुलावरून हलायची नाही.

तेविसाव्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. आतून तिचा प्रश्न आला, तो त्या सकाळचा चाळिसावा तरी असेल. मग आबांचा आवाज आला. जाड, घसरलेला, पण शब्द होता.

"पुरे!"

मी पिठाच्या हातांनी धावले. चंद्रशेखर तोंडाला साबण लावलेला तसेच दारात आले. आबा स्वतःच चकित होऊन आमच्याकडे बघत होते.

"चूक," कस्तुरी म्हणाली. "तांब्या."